अकरा नंबरचा खड्डा

नागपूरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या खटाव तालुक्यातली माणसं पहिला प्रश्न संत्र्यांचा विचारतात आणि दुसरा उन्हाचा. संत्री पोटभर खाल्ली आणि ऊन अजून तापायचं होतं, हे सांगून झालं की तिसरा प्रश्न येतो, "पण सुभेदार, गेला होता कशाला?" सुरुंग पुरायला, असं खरं उत्तर दिलं की समोरचा हातातला चहा खाली ठेवतो. म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतो. ज्याला विचारायचं असेल त्यानं हे वाचावं.

सैन्यातल्या इंजिनिअर पलटणीत माझी सगळी नोकरी गेली. पूल बांधायचे, वाटा काढायच्या, सुरुंग पेरायचे आणि पेरलेले काढायचे, ही आमची कामं. जाताना गाडीत समोरच्या बाकावर दोन गृहस्थ होते. हल्लीच्या सैन्याचं सगळ्यात प्रभावी शस्त्र कोणतं, यावर त्यांचं पुण्यापासून दौंडपर्यंत जुंपलेलं. एक म्हणे क्षेपणास्त्र, दुसरा म्हणे ड्रोन. मी फौजी आहे हे कळल्यावर त्यांनी मलाच पंच केलं. मी म्हणालो, "सुरुंग." दोघांचीही तोंडं पडली. पण सांगितलं ते माझ्या अनुभवाचं होतं. क्षेपणास्त्र एकदा उडालं की संपलं, ड्रोनची बॅटरी उतरते. सुरुंगाला काहीच लागत नाही. लढाई मिटली, सैन्य घरी गेलं, तरी तो जमिनीत जागाच असतो, आणि वर पाऊल कुणाचं पडलं हे विचारत नाही. त्यातल्या एकानं मला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि विषय क्रिकेटकडे नेला.

मला बोलावलं होतं देवराव ढोकेनं. पारशिवनीजवळच्या एका खेड्यातला हा माझा पलटणीतला दोस्त. वाळवंटातल्या सीमेवर आम्ही दोघांनी एका हिवाळ्यात सुरुंग पेरले आणि पुढं तेच काढायला आम्हालाच पाठवलं. वाळू सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही सरकतात. कागदावर जिथं खूण होती तिथून हातभर लांब देवरावचा डावा पाय पडला. मी त्याच्यामागं वीस पावलांवर होतो. गुडघ्याखाली आता त्याला प्लॅस्टिकचा पाय आहे.

त्याचा फोन आला तो असा, "शिंदे, पोरगी बिघडून राहिली गा."

मला वाटलं प्रेमप्रकरण. निघालं भलतंच. त्याची प्रणाली इंजिनिअर, नागपूरच्या एका लहानशा कंपनीत. जमिनीतले सुरुंग हुडकणारं ड्रोन त्यांनी तयार केलं होतं. सैन्याचा एक अधिकारी ते तपासायला पारशिवनीच्या एका पडीक शेतात येणार होता. पास झालं, तर यंत्र काही महिन्यांसाठी सीमेवर जाणार, आणि त्याच्याबरोबर प्रणाली. जिथं बापाचा पाय गेला, त्याच पट्ट्यात.

बापलेकीचा करार झाला होता. यंत्र नापास झालं तर ती जाणार नाही, कंपनीतला तिचा जोडीदार समीर पुढचं बघेल. पास झालं तर बापानं अडवायचं नाही. देवराव कबूल करून बसला होता आणि आता त्याला झोप लागत नव्हती. चाचणीसाठी खोटे सुरुंग पुरायला कंपनीच्या बाहेरचे, जाणते हात हवे होते, ते काम त्यानं स्वतःकडे आणि माझ्याकडे घेतलं होतं. मुलीच्या परीक्षेत बाप पेपर काढतोय, हे कंपनीनं अधिकाऱ्याला कळवलं तेव्हा तो म्हणे हसला आणि म्हणाला की बाप जर सुरुंगवाला असेल तर पेपर सोपा निघायची भीती नाही.

"आन् तू तिले समजावजो," देवराव फोनवर म्हणाला. "मायं आयकत नाही ते. तुयं आयकते." हा त्याचा गैरसमज होता, पण मी पिशवी भरली.

धंतोली

स्टेशनावर प्रणाली स्कूटर घेऊन आली होती. बापाचं नाक आणि आईची उंची. "काकाजी, बॅग समोर ठेवा, घट्ट बसा," म्हणाली आणि मला थेट धंतोलीत घेऊन गेली, कारण देवराव तिथं प्लॅस्टिकच्या पायाची वाटी नीट बसवून घ्यायला बसला होता. चालून चालून गुडघ्याखालचा उरलेला पाय वाळतो आणि वाटी सैल होते, वर्षातून एकदा हे करावं लागतं.

धंतोली म्हणजे दवाखान्यांचंच गाव. एका गल्लीत हाडांचे डॉक्टर, पुढच्या गल्लीत हृदयाचे, मधल्या प्रत्येक झाडाखाली डबा सोडून बसलेलं एकेक कुटुंब. कुणी गडचिरोलीचं, कुणी वाशीमचं. आमच्याकडे दवाखान्यात माणसं खाली मान घालून बसतात, इथं दहा मिनिटांत एकमेकांचे रिपोर्ट वाचतात. देवरावशेजारच्या बाईनं त्याच्या पायाकडे बघून विचारलं, "शुगर का जी भाऊ?"

"नाही माय. सुरुंग."

"आमच्याइकडं तर सगळ्याइचा शुगरनंच जाते," असं म्हणून तिनं त्याच्या हातावर मुरमुऱ्याचा चिवडा ठेवला, जणू सुरुंग हा जरा बरा आजार होता. देवराव मला बघून उठला, मिठी मारली आणि पहिलं वाक्य कानात बोलला, "मले झोप नाही, हे पोरीसमोर बोलू नको."

बाहेर येऊन तर्री-पोहे खाल्ले. आम्ही सातारचे लोक तिखटाच्या बाबतीत उगाच ताठ असतो. पोह्यावर ती हरभऱ्याची लाल तर्री ओतताना गाडीवाल्यानं विचारलं, "काकाजी, कमी टाकू का?" मी म्हणालो, "टाक रं, टाक." पुढची पंधरा मिनिटं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि प्रणाली मला गंभीर चेहऱ्यानं ताक आणून देत होती.

कळमना आणि पुढे

दुसऱ्या दिवशी देवरावच्या चुलतभावाची संत्र्यांची गाडी कळमन्याच्या बाजारात रिकामी होऊन परत गावी जाणार होती, तिच्यातून आम्ही निघालो. गाडी रिकामी होईपर्यंत मी बाजारात फिरलो. जमिनीवर संत्र्यांचे ढीगच्या ढीग, मधून खरेदीदार चपला सांभाळत चालतात, आणि सगळीकडे तो सालीचा वास. आमच्याकडच्या बटाट्याच्या बाजारात मालाला हात लावला तर मालक डोळे वटारतो. इथं मी एका ढिगातलं संत्रं नुसतं उचलून बघितलं, तर मालकच रागावला. "हातात घेतलं तं खा ना जी! पाहून काय समजते?" पाच ढिगांपुढे उभा राहिलो आणि पाच संत्री खाल्ली.

पारशिवनीच्या रस्त्याला लागलं की शहर पटकन सुटतं. कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्या बांधांवर रचलेल्या, पळस पेटलेला, आणि लांबवर पेंचच्या जंगलाची निळसर रेघ. मोहाची फुलं वेचायला बाया सकाळीच निघालेल्या. आमच्या माणदेशाच्या कडेला या दिवसांत बघायला फक्त आभाळ असतं, म्हणून मी मान बाहेर काढून बसलो होतो. देवराव मात्र आतच बघत होता.

घरी देवरावच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, लांब रोटी केली. हा प्रकार तिकडे गेलेल्यानं बघावाच. चुलीवर मोठं मडकं पालथं घालतात. गव्हाची पातळ सैलसर कणीक हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवतात आणि अलगद त्या मडक्यावर पसरतात. हातरुमालाएवढी पातळ, पण आमच्या दोन भाकरी पोटात जातात तेवढी एक. मी चार खाल्ल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी आले तं बरं झालं. हे दोघं एका ताटात जेवते आन् एकमेकाशी बोलत नाही."

पेपर

माती बसायला हवी म्हणून आम्ही चाचणीच्या चार दिवस आधी, उजाडताना शेतात गेलो. कंपनीनं तीस खोटे सुरुंग दिले होते. चपटे, बिस्किटाच्या डब्यासारखे, आत दारू नाही, धातू नावापुरता. त्यातले किती पुरायचे आणि कुठे, ते आमच्या मर्जीवर. प्रत्येकाची नोंद कागदावर करायची, कागद पाकिटात, पाकीट लाखेनं बंद, आणि ते अधिकाऱ्याच्या हातात.

देवरावला काम करताना बघणं हा आनंद आहे, अजूनही. काळ्या मातीला भेगा पडतात, खड्डा बुजवला की तिथं भेग तुटते आणि जागा ओळखू येते. हा गडी बाजूच्या भेगा बोटानं पुढे ओढून जुळवायचा, वरून काडी-कचरा टाकायचा, वाळलेली शेणाची पोवटी ठेवायचा. एका पायावर बसायला येत नाही म्हणून कुशीवर झोपून करत होता. मी खड्डे काढत होतो आणि नोंद धरत होतो.

अकराव्या खड्ड्यापाशी त्यानं एक सुरुंग पुरला, त्यावर चार बोटं माती दाबली, आणि हात मागं केला. "दुसरा दे."

"देवराव, ह्यो काय प्रकार?"

"पेपर कठीण पाह्यजे."

एकाखाली एक. पलटणीत ही शत्रूची चाल म्हणून शिकवत. वरचा सापडला की माणूस खुश होतो आणि खालचा विसरतो. यंत्राला वरचा दिसेल, त्याच्या सावलीतला खालचा दिसणार नाही, असा त्याचा हिशेब होता. एक सुरुंग चुकला की यंत्र नापास, आणि पोरगी घरी.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी पिशवीत हात घातला आणि दुसरा सुरुंग त्याला दिला. कागदावर अकरा नंबरला त्यानं स्वतःच्या हातानं गोलात गोल काढला. सतरा खड्डे झाले, सुरुंग अठरा.

त्या संध्याकाळी प्रणालीनं मला अंगणात यंत्र दाखवलं. चार पंखांचं ड्रोन, पोटाखाली चपटी पेटी. ती पेटी जमिनीत लहर सोडते आणि परत येणारी ऐकते. "आधी याले एक खोड होती काकाजी. वारा आला की हलायचं, आन् एकच वस्तू दोनदा दाखवायचं. सहा महिने त्याच्यातच गेले. आता नाही करत." मला अकरा नंबरचा खड्डा आठवला.

देवरावनं सांगितल्याप्रमाणे मी समजावायला सुरुवात केली. सीमेवरची थंडी सांगितली, पाण्याची टंचाई सांगितली, साप सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काकाजी, एक विचारू? तुमी पेरले होते, ते सगळे निघाले का?"

सगळे निघाले नव्हते. सुरुंगांभोवतीच्या तारेपलीकडे एक म्हातारा आपल्या शेताच्या कडेला रोज उभा राहायचा आणि नांगर कधी घालू, असं विचारायचा. आमची बदली झाली तेव्हाही तो विचारतच होता. हे मी तिला सांगितलं. मला पाठवलं होतं कशाला आणि मी बोलून आलो काय! आत गेल्यावर देवरावनं विचारलं, "समजावलं?" मी म्हणालो, "समजावलं." कुणी कुणाला, ते त्यानं विचारलं नाही.

चाचणी

चाचणीच्या सकाळी तपासणारे मेजरसाहेब आले. तिशीतले, दक्षिणेकडचे, हिंदी बोलणारे. शेताला चारी बाजूंनी पांढरी फीत बांधली. नियम दोन. उड्डाण एकदाच. आणि यंत्राची यादी सही करून दिल्याशिवाय पाकीट फुटणार नाही, पुरणाऱ्यांनी तोवर तोंड उघडायचं नाही. आम्ही दोघं बाभळीखाली स्टुलावर बसलो.

नेमका वारा सुटला. ड्रोन गुडघाभर उंचीवरून मोटेच्या बैलासारखं शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात-येत राहिलं. टेबलावरच्या पडद्यावर एकेक लाल गोल उमटू लागला. मी मोजत होतो. देवरावही मोजत होता, त्याचे ओठ हलत होते. सतराच्या सतरा खड्डे सापडले. आणि अकरा नंबरला पडद्यावर दोन गोल होते, एक दुसऱ्याच्या पोटात.

मला उठून टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यात प्रणालीचा चेहरा पाहिला. तो पांढराफटक पडला होता.

"जुनीच बिमारी," समीर हळू आवाजात म्हणाला. "वाऱ्यानं डबल दाखवून राहिलं. एक पुसून टाक. सतरा दे. सतरा बरोबर वाटते."

मेजरसाहेब घड्याळ बघत होते. प्रणालीचं बोट खोडायच्या खुणेवर जाऊन थांबलं. एकदा दाबलं की यंत्र नापास, देवराव जिंकला, आणि यंत्राला दोन्ही दिसले होते हे साहेबांना कधी कळलं नसतं. मी देवरावकडे पाहिलं. त्याला हेच हवं होतं. पण तो स्टुलाच्या कडेवर येऊन बसला होता, काठी दोन्ही हातांनी धरलेली, आणि डोळे पोरीच्या त्या बोटावर. त्याला काय हवं होतं हे त्या घटकेला त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मी मात्र मनातल्या मनात ओरडत होतो, नको गं, नको पुसू.

तिनं बोट मागं घेतलं.

"अरे, नसलेला दाखवला तरी नापासच ना, सगळंच जाईल," समीर म्हणाला.

"मशीननं दोन दाखवले. मले एकच वाटते. पन जमिनीत काय हाय, हे मले थोडी दिसून राहिलं? माह्या वाटण्यानं मी एक कमी कशी करू? तथी कोनाचा पाय पडला तं?" तिनं अठरा लिहिलं, अकरा नंबरपुढे 'दोन' असं लिहिलं, सही केली आणि कागद मेजरसाहेबांच्या हातात दिला. मग ती दुसरीकडे तोंड करून उभी राहिली.

लाख फुटली. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोटानं एकेक ओळ खाली जाऊ लागले. अकरावर थांबले. गोलात गोल बघितला. मान वर केली ती आमच्या बाभळीकडे.

"यह किसने किया?"

देवराव उभा राहिला. तीस वर्षांपूर्वी उभा राहायचा तसा, सरळ. "मी केलं साहेब. मशीन फेल कराले केलं."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले, मग प्रणालीकडे. "मैडम, आपके पिताजी ने आपको गिराने के लिए गड्ढा खोदा था," ते म्हणाले, आणि इतका वेळ धरलेलं हसू त्यांना आवरलं नाही. "पास. अठारह में अठारह." समीर मटकन खाली बसला. प्रणाली बापाकडे गेली. मला वाटलं आता भांडण होणार. ती म्हणाली, "बाबा, एवढा कठीण पेपर काढते का कोनी?" आणि रडायला लागली. देवरावला रडता येत नाही, त्याची हनुवटी तेवढी हलते. ती हलत होती.

पुरलेलं सगळं वर काढल्याशिवाय काम संपत नाही. सोळा खड्डे मी आणि समीरनं मोकळे केले. अकरा नंबरपाशी देवरावनं मला थांबवलं. "हे पोरीले काढू दे. तिले शिकाव लागन." तो तिला घेऊन आत गेला. खोटाच सुरुंग, पण त्यानं तिला खऱ्यासारखं पोटावर झोपवलं. वरचा कसा धरायचा, माती कुठल्या बाजूनं काढायची, बोटांना काय जाणवलं की थांबायचं, सगळं तिच्या डोक्यावर वाकून सांगू लागला. सांगणं संपेचना. वरचा निघाला. खालच्यापाशी तिचा हात पोहोचला तरी तो तिथंच, काठीवर रेललेला, तिच्यावर सावली धरून.

प्रणालीनं मान वर केली नाही. माती बोटानं बाजूला करत शांतपणे म्हणाली, "बाबा, फितीच्या मागं जा. खड्ड्यापाशी एका वेळी एकच मानूस."

हा आमचा पहिला नियम. भरतीतल्या पोरांना पहिल्या दिवशी देवराव हाच शिकवायचा, आणि चुकलेल्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा. तो नियम त्याला कुणी ऐकवताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो वळला आणि एकेक पाऊल टाकत, प्लॅस्टिकचा पाय जरा ओढत, शेताच्या कडेला गेला. काठीनं फीत वर उचलली, वाकून पलीकडे झाला आणि तिथं उभा राहिला. आत ती एकटी होती.

"प्रणाली," त्यानं तिथूनच हाक मारली.

"काय जी?"

"तथी गेली का असंच सांगजो माय सगळ्याइले. मेजर असो का कोनी असो. असंच मागं धाडजो."